दिवेलागणीनंतरचा जिना

जर्मनीत शिकायला आल्यावर पहिले दीड महिने मी नुसती भारतीय होते. विद्यापीठात, बसमध्ये, दुकानात, कुणीही विचारलं की ‘इंडिया’ एवढं सांगून सुटका व्हायची. मला ते बरंच वाटायचं. आधी हिंगोली सांगायची, मग मराठवाडा सांगायचा, मग निजामापर्यंत जाऊन परत यायचं, ही यातायात पुण्यात शिकताना पाच वर्षं करून झाली होती.

ऑक्टोबरात खोली मिळाली आणि खोलीबरोबर सांगलीची एक मुलगी मिळाली. एक खोली तिची, एक माझी, मध्ये दोघींचं स्वयंपाकघर. परक्या मुलखात मराठी माणूस भेटला म्हणून माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. तिनं विचारलं, “कुठली गं तू?”

“हिंगोली जिल्हा. शिरड शहापूर.”

“हिंगोली म्हणजे नांदेडच्या जवळ का?”

“नांदेड आमच्या जवळ आहे,” मी म्हणाले. झालं. डोळ्यांतलं पाणी जागच्या जागी आटलं.

दुसऱ्या दिवशी फळीवर तिच्या हळदीच्या बाटलीशेजारी मी माझी बाटली ठेवली. आमच्या वावरातली हळद, घरी शिजवलेली, अंगणात वाळवलेली. तिनं बाटली उजेडात धरली, वास घेतला आणि म्हणाली, “चांगली आहे की. पण हळद म्हणशील तर सांगलीची.” मी म्हणाले, “सांगलीला नुसता बाजार आहे, हळद आमची आहे.” यावर आठवडाभर तणातणी चालली. शेवटी एका रविवारी दोन पातेल्यांत दोन वरणं केली आणि डोळे मिटून चाखली. तिनं माझं वरण आपलं म्हणून सांगितलं आणि मी तिचं माझं म्हणून. मग दोघींनी मिळून जर्मन डाळीला नावं ठेवली, आणि त्या दिवसापासून आमचं जमलं.

घर तीन मजल्यांचं होतं. तळाला घरमालकीणबाई, सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या. मधल्या मजल्यावर आम्ही. वर एक आजोबा, तेही एकटेच, पण त्यांचा जन्म त्याच गल्लीतला. आजोबा जी जर्मन बोलत ती आमच्या वर्गात शिकवलेल्या जर्मनची लांबची मावसबहीण होती. दहा वाक्यांतलं एक कळायचं. त्यांचं पहिलं नीट कळलेलं वाक्य हे होतं. खालच्या दाराकडे बोट करून ते म्हणाले, “ती इथली नाही.”

आम्हाला वाटलं, बाई पोलंडच्या असतील, नाहीतर आणखी कुठल्या. मग कळलं, त्या जर्मनच. फक्त उत्तरेच्या, समुद्राकाठच्या. लग्न होऊन दक्षिणेत आल्या त्याला पंचेचाळीस वर्षं झाली होती. आजोबा भेटले की देवाचं नाव घेऊन नमस्कार करत. बाई सकाळी, दुपारी, संध्याकाळी एकच ‘मोइन’ म्हणत, तोही तिकडचाच. आजोबा कॉफीचे, बाई चहाच्या. पंचेचाळीस वर्षांत आमच्याकडे सुनेची आजेसासू होते आणि तिच्या शब्दाबाहेर घर जात नाही. ह्या बाई मात्र अजून ‘इथली नाही’मध्येच अडकलेल्या. मला मोठी गंमत वाटली. एवढासा तो देश, त्यात पुन्हा वरचे आणि खालचे! मी मायला फोनवर सांगितलं, तीही हसली. म्हणाली, “घरोघरी मातीच्या चुली, लेकी.”

त्या घरात एक पाटी होती. तळहाताएवढी, लाकडाची, वर खराट्याचं चित्र. ती पाटी ज्या दाराला टांगलेली, त्या घराचा तो आठवडा. म्हणजे जिना, पुढचं दार आणि फाटकापर्यंतची फरसबंदी त्या घरानं झाडायची. आठवडा संपला की पाटी पुढच्या दाराला टांगायची. टांगली याचा अर्थ ‘माझं झालं, चोख झालं’. ही त्या भागाची जुनी रीत. उत्तरेत असलं काही नाही, हे नंतर कळलं. आम्ही दोघींनी वाटणी केली. मोरी आणि स्वयंपाकघर तिचं, जिना माझा. मला वाटलं, मी जिंकले.

खोलीचा करार मात्र कच्चा होता. वर्षअखेरपर्यंत बघू, मग पक्का कागद करू, असं बाईंनी सांगितलं होतं. त्या गावात खोली मिळणं म्हणजे काय ते खोली शोधलेल्यालाच माहीत. त्याआधी मी आठ खाटांच्या एका दालनात राहत होते, रात्री बॅगेचा पट्टा मनगटाला बांधून. पुन्हा तिथं जायचं, तेही ऐन थंडीत, हे मला काही केल्या नको होतं.

ऑक्टोबरची पाळी छान गेली. साडेसहापर्यंत उजेड असायचा. मी घरी येऊन जिना लख्ख करायची. एकदा आजोबांनी मान डोलावली. ते मान डोलावतात हे सांगलीला, म्हणजे माझ्या शेजारच्या खोलीतल्या मुलीला, खोटं वाटलं.

मग हिवाळ्यासाठी तिकडची घड्याळं एक तास मागे गेली आणि दिवस आखडला. नोव्हेंबरात माझ्या दाराला पाटी लागली तेव्हा साडेचारलाच दिवे लागत होते. आता माझी पंचाईत ऐका. सकाळी पावणेसातची बस, तेव्हा अंधार. प्रयोगशाळेतून पाचला सुटका, तेव्हा अंधार. शनिवारी दिवसभर भाजीच्या दुकानात काम. राहिला रविवार, तर रविवारी तिथं झाडू-बादलीचा आवाज केलेला कुणाला खपत नाही. म्हणजे सूर्य आणि मी एका वेळी घरी असण्याचा वार आठवड्यात एकच, आणि नेमका तोच बंदीचा.

आणि आमच्या घरी दिवे लागल्यावर झाडत नाहीत. लक्ष्मी त्या वेळेला उंबऱ्यात येते. आपण केरसुणी घेऊन पुढे उभं राहिलो तर तिनं काय समजायचं? हे मला मायनं शिकवलेलं. पाच वर्षांची असताना संध्याकाळी मी केरसुणी घेऊन खेळत होते तर पाठीत धपाटा बसला होता. एरवी माय हात उचलणारी बाई नव्हे.

मी मातीचं शास्त्र शिकत होते. कोणती माती किती दिवस ओल धरते हे काचेच्या नळ्यांतून मोजत होते. लक्ष्मी साडेचारला येते की आठला, यावर माझा विश्वास आहे का, असं कुणी विचारलं असतं तर मी हसले असते. पण संध्याकाळी हातात झाडू घेतला की हात पुढे जाईना. शरम वाटायची, स्वतःचा रागही यायचा. तरी जाईना.

मग मी तोड काढली. झाडायचं नाही ना? ठीक, वेचायचं. कापूस वेचावा तशी मी जिन्यावरची, फरसबंदीवरची वाळकी पानं हातानं एकेक वेचली. खाली वाकून, दिव्याच्या उजेडात, तासभर. आजोबा खिडकीतून बघत होते. खाली येऊन त्यांनी काहीतरी विचारलं, मला त्यातला ‘काय’ एवढा शब्द कळला. “पानं गोळा करतेय,” मी म्हणाले. आजोबा बराच वेळ उभे राहिले. पानं गेली, धूळ होती तिथंच राहिली, आणि मी शहाणी पाटी त्यांच्या दाराला टांगून मोकळी झाले. झाडलं नसताना पाटी टांगली, म्हणजे त्यांच्या हिशेबी मी धडधडीत खोटं बोलले होते.

पुढची पाळी डिसेंबरच्या सुरुवातीला आली. सांगलीनं माझं तोंड पाहिलं आणि म्हणाली, “दे इकडे. मी झाडते की. आमच्यात झाडलेलं चालतं संध्याकाळी.” मला हायसं वाटलं. तिनं झपाझप जिना झाडला, फरसबंदी झाडली. पण तिच्या घरचा नियम असा, की संध्याकाळी झाडलं तरी केर बाहेर टाकायचा नाही, सकाळपर्यंत घरात राखायचा. तिनं सगळा केर पुढच्या दाराआडच्या कोपऱ्यात गोळा केला, वर वर्तमानपत्र झाकलं आणि निवांत झोपली.

सकाळी सहाला आजोबा पाव आणायला निघाले आणि त्यांचा पाय वर्तमानपत्रावर पडला.

एकीनं झाडलं नाही आणि दुसरीनं झाडून केर जपून ठेवला! आजोबांनी भारताबद्दल काय मत बनवलं असेल, ते त्यांचं त्यांना माहीत. मला हसूही येईना. दुपारी दाराखालून चिठ्ठी आली. बाईंनी शुक्रवारी चारला चहाला बोलावलं होतं, आणि खाली लिहिलं होतं, ‘खोलीबद्दल बोलायचं आहे.’

त्या दिवशी मी प्रयोगशाळेतून लवकर निघाले. सांगलीची परीक्षा होती, म्हणून एकटीच गेले. बाईंनी पेल्यात आधी खडीसाखरेचा खडा टाकला, त्यावर कढत चहा ओतला. खडा तडतडला. मग कडेनं थोडी साय सोडली. मी सवयीनं चमचा उचलला, तर त्यांनी माझा हात धरला.

“ढवळायचं नाही. आमच्या वरच्या भागात ढवळत नाहीत.”

“का?”

“का ते माहीत नाही. पण कुणी ढवळलं की मला अजून कसंसंच होतं.”

मला वाटलं, ही बाई आपलं समजून घेणार. मी लक्ष्मीचं सगळं सांगितलं. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये लक्ष्मीची मी ‘धान्याची आणि घराची देवी’ केली. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, “आणि हिवाळ्यात ती साडेचारलाच येते?”

“दिवे लागतात तेव्हा येते,” मी म्हणाले.

त्या हसल्या. मग आपलं सांगू लागल्या. नवी नवरी म्हणून ह्या घरात आल्या तेव्हा दाराला टांगलेली पाटी बघून त्यांना वाटलं, कुणीतरी लग्नाची भेट ठेवली आहे. त्यांनी ती काढली आणि कौतुकानं स्वयंपाकघरात लावली. तीन आठवडे पूर्ण घराचा जिना कुणी झाडला नाही, कारण पाटीच कुणाला सापडेना. ती गोष्ट गल्लीत अजून सांगतात. दुकानात, चर्चमध्ये, नवऱ्याच्या मयतीला आलेल्या एकानंसुद्धा सांगितली.

मी पोट धरून हसले. बाई हसल्या नाहीत.

“तुझं मला कळतं,” त्या म्हणाल्या. “पण चहा मी दार लावून पिते. जिना सगळ्यांना दिसतो. पंचेचाळीस वर्षं मी तो असा झाडलाय की कुणाला बोलायला जागा राहू नये. आता गुडघे साथ देत नाहीत, माझी पाळी कशीबशी होते, म्हणून मधल्या मजल्याची तुमच्यावर सोपवली. पुढच्या वेळी पाटी तुझ्या दाराला लागेल, तेव्हा झाड. नाही झाडलास तर मी कागद करणार नाही.”

मी वर आले. मला बाईंचा भयंकर राग आला होता, आणि त्यांचं एक अक्षरही चुकीचं नव्हतं. सांगली म्हणाली, “मी झाडत जाते की कायमची, केर टाकूनसुद्धा. त्यात काय.” पण ती मार्चमध्ये कामासाठी दुसऱ्या गावी जाणार होती. आणि खरं सांगायचं तर सांगलीच्या उपकारावर राहायचं माझ्या जिवावर आलं होतं.

रविवारी दुपारी मी मायला व्हिडिओ कॉल लावला. घरी तेव्हा साडेचार वाजले होते, बाहेर ऊन दिसत होतं. मागे खाटेवर आजी, म्हणजे मायची सासू, गहू निवडत बसली होती. माय फोन घेऊन अंगणात गेली.

“काहून गं? तोंड काहून उतरलंय?”

मी सगळं सांगितलं. खोली जाईल हेही सांगितलं. मला वाटलं होतं, माय म्हणेल, खोली गेली खड्ड्यात, देवाधर्माचं सोडू नको. मग मला कुणावर तरी चिडता आलं असतं.

माय म्हणाली, “झाड की.”

“दिवे लागल्यावर?”

“आमच्या साखऱ्याला झाडतेत दिवे लागल्यावर.”

साखरा म्हणजे मायचं माहेर, सेनगाव तालुक्यातलं. मी सुट्टीत तिथं गेलेली, पण दोन-चार दिवसांची पाहुणी. “तिकडं सगळं कोरडवाहू,” माय सांगू लागली. “दिवस वावरातच बुडायचा. माजी माय घरी यायची, दिवा लावायची अन् झाडाया घ्यायची. मंग कवा झाडावं बाईनं? लक्ष्मीला काय दिसत न्हाई, ही बाई आत्ता वावरातून आली म्हणून?”

“मग इथं?”

“इथं कालव्याचं पानी, घरात चार बाया. दुपारच्यालाच झाडून व्हायचं. लगीन होऊन आले, दुसऱ्याच दिशी सांजच्याला केरसुनी घेतली. तुज्या आजीनं हातातून काढून घेतली. म्हणल्या, साखऱ्याचं साखऱ्याला ठिव.”

मला एकदम काय काय आठवलं. भाकरी जाड झाली की आमच्याकडे म्हणत, साखऱ्याची आहे. माय अर्ध्या बादलीत अंघोळ करायची, तर काका म्हणायचे, वहिनी अजून साखऱ्याच्या विहिरीवरच आहेत. सणाला सगळे हसायचे. मीही हसायची. मला वाटायचं, हा मायचा स्वभाव आहे, आणि ही घरातली प्रेमाची थट्टा आहे. शिरड शहापूर ते साखरा, एका जिल्ह्यातली दोन गावं. तीस वर्षं माय आमच्या घरात होती आणि ‘ती इथली नाही’ हे मी जर्मनीत येऊन, दुसऱ्याच बाईबद्दल ऐकून हसले होते. मला फार वाईट वाटलं. इतकं, की मी उलट तिच्यावरच डाफरले.

“मग मला काहून धपाटा घातला होता गं? तुमच्याकडं चालत होतं तर मला काहून शिकवलंस?”

माय म्हणाली, “तुला कुनी साखऱ्याची म्हणू न्हाई म्हणून.”

तिनं ते सहज सांगितलं, भाजीत मीठ किती घातलं ते सांगावं तसं. मग विचारलं, “थंडी लई हाय का तिथं? पायात मोजे घालून ऱ्हाय.”

नाताळच्या आधीच्या आठवड्यात पाटी आमच्या दाराला आली. खोली माझीच राहिली, जानेवारीत कागद पक्का झाला, हे सांगून टाकते, उगाच जिवाला घोर नको. पण तो सोमवार मला त्यापेक्षा वेगळ्या कारणानं आठवतो. मी पाचला घरी आले. दिवे कधीचेच लागले होते. झाडू घेतला आणि पुन्हा हात थबकला. मग मी मायला व्हिडिओ कॉल लावला. गावाकडे साडेनऊ वाजून गेले होते. एरवी माय नऊलाच झोपते, पण त्या दिवशी जागी होती. आज पाळी आहे हे तिनं लक्षात ठेवलं होतं.

“मी झाडते,” मी म्हणाले. “तू बघ.”

“बघून राहिले. झाड.”

फोन कठड्याला टेकवून ठेवला आणि वरच्या पायरीपासून सुरुवात केली. पहिल्या दोन पायऱ्या जड गेल्या. मग हात चालू लागला. वरून आजोबा डोकावले, फोनमधून कुणी बाई बघतेय हे पाहून गडबडले. मायनं पदर सारखा करून हात जोडले. आजोबांनी देवाचं नाव घेऊन नमस्कार केला. दोघांनाही एकमेकांचं काही कळलं नाही आणि दोघंही खूश झाले. बाईंनी खालचं दार किलकिलं करून एक नजर टाकली आणि लावून घेतलं.

तळाला पोचले, केर सुपलीत भरला, सरळ झाले. पाठ भरून आली होती. फोन उचलला तर मायच्या मागे खाटेवर आजी दिसली. ती जागी होती आणि फोनकडेच बघत होती. आमच्या घरात आजीसमोर माय कधी मोठ्यानं बोलत नाही. त्या दिवशी ती अंगणापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

“शेवटच्या पायरीचा कोपरा राहिला बघ. नीट झाड. आमी साखऱ्याच्या बाया कोपरा सोडत न्हाई.”

मी फोन पुन्हा कठड्याला लावला, खाली वाकले आणि तो कोपरा दोनदा झाडला.